मालकिणीचा होकार

माझ्या भावाच्या घरात 'हो' म्हणायचं असेल तर डोळे मिटायचे असतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरनंच घडलं.

भावाला आम्ही नाना म्हणतो. मी त्याची थोरली बहीण. तोंडाने फटकळ आहे, हे माझं मीच सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाला कष्ट नकोत. छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसले. 'पत्त्याचा पुरावा आणा, झेरॉक्स आणा, उद्या या,' यातच माझी अख्खी नोकरी गेली. नाना माझ्या अगदी उलटा. कुणाला दुखवणार नाही, कुणाशी भांडणार नाही. लहानपणी त्याच्या वाटची भांडणंसुद्धा मीच करायचे.

आधी त्याचा फोटो स्टुडिओ होता. मग लोक मोबाईलवरच फोटो काढायला लागले, तसा तो ड्रोनकडे वळला. आता तो शाळांची गॅदरिंगं काढतो, गळक्या छपरांचे फोटो काढून देतो, पुलाच्या खाली कुठे तडा गेलाय ते दाखवतो. ड्रोन म्हणजे त्याचा जीव की प्राण. उडवायच्या आधी पंखे मऊ फडक्याने पुसणार, बॅटऱ्यांना नंबर घालून ठेवणार, जमिनीवर नारिंगी चटई अंथरून तिच्यावरनंच उडवणार आणि तिच्यावरच उतरवणार. एवढा काटेकोर माणूस. पण एक खोड आहे. घरात येणारी प्रत्येक वस्तू तो बायकोच्या नावावर घेतो. त्याने पहिला कॅमेरा स्वतःच्या नावावर घेतला होता, तो महिन्याच्या आत बसमध्ये विसरला. तेव्हा माझी भावजय म्हणाली, "यापुढे माझ्या नावावर घ्या, मी नाही काही विसरत." झालं. तेव्हापासून स्कूटर, फ्रीज, पाण्याची मोटर, सगळ्यांची मालकीण ती. ड्रोन घेतला तेव्हाही नोंदणीच्या फॉर्मवर तिचीच सही. मी चिडवायचे, "नाना, तू तरी स्वतःच्या नावावर आहेस का रे?" तो हसायचा. ती म्हणायची, "वन्सं, त्यांची पावती हरवलीय."

अशी बोलकी बाई. चार वर्षांपूर्वी एका सकाळी लेकीशी फोनवर बोलत होती. लेक, म्हणजे माझी भाची, नोकरीसाठी परदेशी गेलेली, नुकतंच भाड्याने छोटं घर मिळालेलं. आईचे प्रश्न सुरू. घर केवढं? शेजार कसा आहे? दाराला कडी नीट लागते का? मग म्हणाली, "आणि घराच्या मागे काय आहे गं?" आणि फोन हातातून पडला. पक्षाघात. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डाव्या हातातही जोर राहिला नाही. डोकं मात्र लख्ख. डोळे मिटले की हो. उघडे ठेवून बघत राहिली की नाही. बास, एवढ्यावर चार वर्षं संसार चाललाय. आणि तुम्हाला सांगते, चांगला चाललाय.

नाना संध्याकाळी घरी आला की दिवसभराचं चित्रण टीव्हीवर लावतो. पलंग टीव्हीसमोरच सरकवलाय. ती वरनं नदी बघते, छपरं बघते, कुणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय ते बघते. तिचं बाहेर जाणं ते एवढंच. वरनं बघायची तिला इतकी सवय झाली की एकदा एका इमारतीची टाकी फुटलेली नानाला दिसली नव्हती, तर हिने डोळ्यांनी त्या कोपऱ्याकडे बघून बघून त्याला बेजार केलं. त्याने चित्र मोठं केलं, तर खरंच पाणी गळत होतं.

लेकीचं तेच घर फोनवर शंभरदा दाखवून झालं होतं. पण फोनवर दिसतं काय? सोफा, ओटा आणि बोलणाऱ्याची अर्धी हनुवटी. हिची नजर भलतीकडेच जायची. मग एके दिवशी नाना सहज म्हणाला, "लेकीचं घर असं वरनं बघायचंय का तुला?" तिने डोळे इतके घट्ट आणि इतका वेळ मिटले, की नाना घाबरून मावशींना हाका मारायला लागला. मावशी म्हणजे तिची देखभाल करणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, "अहो, काही झालं नाही. जोरात हो म्हणतायत त्या."

झालं, ठरलं. मावशींच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलेलं, त्यामुळे त्या जास्तीत जास्त दहा दिवस रात्रंदिवस राहणार होत्या. तेवढ्यात जाऊन यायचं. नाना एकटा परदेशात म्हणजे कुणीही याला टोपी घालेल, म्हणून सोबत मी.

तयारी बघायची होती तुम्ही! भाचीने तिकडचे नियम कळवले, नानाने ते वहीत उतरवले. बॅटऱ्या सामानात टाकायच्या नाहीत, हातातल्या पिशवीत घ्यायच्या. त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावायची. परीक्षा द्यायची. हो, परीक्षा! साठीला आलेला माणूस जेवणाच्या टेबलावर बसून चाळीस प्रश्नांची परीक्षा द्यायला लागला. गर्दीवरून उडवायचा का? नाही. विमानतळाजवळ? नाही. कुणाच्या खिडकीसमोर? नाही. चाळीसपैकी अडतीस बरोबर. गावभर पेढे वाटायचा तेवढा राहिला होता.

निघायच्या आदल्या दिवशी मी भावजयीपुढे घरातल्या चादरी धरल्या. घर ओळखायला खूण हवी ना. सगळी छपरं सारखी असली तर हिला कळायचं कसं? निळीला डोळे उघडे. फुलाफुलांची, उघडे. मोहरीच्या रंगाची, निळ्या काठाची एक जुनी चादर होती, तिला मात्र डोळे मिटले. "ही तुझ्या लेकीच्या अंगणात अंथरू," मी म्हटलं. "पिवळं दिसलं की समजायचं, तेच घर." पुन्हा डोळे मिटले. चादर मी माझ्या बॅगेत सगळ्यात वर ठेवली.

विमानतळावर काही अडलं नाही. बॅटऱ्या बघितल्या, चिकटपट्ट्या बघितल्या, उलट शाबासकीच दिली. भाची घ्यायला आली होती. तिसऱ्या दिवशी तिघं तिकडच्या ऑफिसात गेलो. बाहेरच्या माणसाला उडवायचं असेल तर तिथे परवाना घ्यावा लागतो.

ऑफिस म्हणजे सगळीकडचं ऑफिस. एकाला एक जोडलेल्या खुर्च्या, नंबराची चिठ्ठी, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड, काचेच्या पलीकडे चष्मा लावलेला एक तरुण, त्याच्या टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद. मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. नानाने फाईल काढली. परीक्षेचा कागद, पासपोर्ट, परतीचं तिकीट, विम्याचा कागद, सगळं खणाखणांत. साहेबाने ड्रोन वजनकाट्यावर ठेवला, नंबर ताडून बघितला, मान डोलावली. नाना माझ्याकडे बघून हसला. भाची दुभाष्याचं काम करत होती.

मग साहेबाने नोंदणीचा कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि भाचीला काहीतरी विचारलं. तिचा चेहरा पडला.

"बाबा, ते विचारतायत, मालक कोण?"

"आपलाच आहे की," नाना म्हणाला.

"कागदावर आईचं नाव आहे."

"हो. मग आपलाच की!"

तिकडे तसं चालत नाही. मालक वेगळा, उडवणारा वेगळा, तर मालकाची संमती लागते. मालक हजर नसेल तर अधिकाऱ्यासमोर व्हिडिओ कॉलवर बोलून किंवा लिहून द्यायची. ड्रोन नानाच्या नावावर करायचा म्हटलं तरी सही तिचीच. भाची म्हणाली, मी इथे नवीन विकत घेते. त्याच्या नोंदणीला कामाचे दहा दिवस. इथल्याच कुणा ड्रोनवाल्याला बोलवू, तर त्याची तीन आठवड्यांनंतरची तारीख. आमच्या हातात उरलेले सहा दिवस.

"व्हिडिओ कॉल लावा की मग," मी म्हटलं. "आमची मालकीण आजारी आहे, पण हजर आहे."

मावशी शहाण्या. त्यांनी दोन मिनिटं मागून घेतली, भावजयीचे केस विंचरले, उशीला टेकवून बसवलं. फोन समोर धरला. साहेबाने काचेतून हात जोडल्यासारखं काहीतरी केलं, म्हणजे माणूस वाईट नव्हता. त्याने विचारलं, भाचीने आपल्या भाषेत सांगितलं, "आई, ते विचारतायत, हा ड्रोन तुझा आहे का? आणि बाबांना इथे उडवायची परवानगी देतेस का?"

तिने डोळे मिटले. घट्ट. चेहऱ्याची चालती बाजू अख्खी गोळा झाली, इतका जोर लावला.

साहेब हळूच भाचीला म्हणाला, "झोप लागली का त्यांना?"

"नाही, नाही! हे हो आहे!" भाची समजावून सांगायला लागली. नाना काचेला हात टेकवून आपल्याच भाषेत सांगत सुटला, "साहेब, चार वर्षं ती असंच बोलते, मी सांगतो ना, नवरा आहे मी तिचा." साहेबाने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा डोळे मिटले. त्याने विचारलं, लिहून देतील का? मावशींनी तिच्या डाव्या हातात पेन दिलं. कागद धरला. पेन पडलं. एवढ्या लांबून फरशीवर पेन पडल्याचा आवाज त्या ऑफिसात ऐकू आला.

साहेबाने चष्मा काढला. भाचीला म्हणाला, आणि तिने रडत रडत आम्हाला सांगितलं, "माझा विश्वास आहे. खरंच आहे. पण या चौकटीत मी 'डोळे मिटले' असं कसं लिहू? तुमच्याकडच्या कोर्टाने यांना पालक नेमल्याचा कागद आणा, मी लगेच परवाना देतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला चार शब्द सुनवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण ते वाक्य माझं होतं हो. तीच गोड बोली, तोच कागद. माझ्या खिडकीत एकदा एक माणूस बापाचा केसपेपर काढायला आला होता. मी म्हटलं, पेशंट हजर पाहिजे. तो भांडला नाही. गेला आणि भर दुपारी बापाला पाठीवर घेऊन आला. मी केसपेपर काढून दिला आणि 'पुढचा' म्हणून हाक मारली. इतक्या वर्षांत मला त्याची आठवणही झाली नव्हती.

फोन चालूच होता. भावजय डोळे उघडून काचेपलीकडच्या साहेबाकडे बघत होती. भाचीने घाईघाईने बंद केला.

अर्ज अपुरा राहिला म्हणून त्यांनी ड्रोनच्या पेटीवर पांढऱ्या कागदाचं सील लावलं. जाताना विमानतळावर दाखवायचं. फाटलेलं निघालं तर जबाबदारी भाचीची, तसं तिच्याकडून लिहून घेतलं. आणि नेमके तिचे तिथे कायम राहण्याचे कागद तपासायला गेलेले! म्हणजे गुपचूप उडवायचा विचारसुद्धा संपला. मी म्हटलं, "दोन मिनिटांचं तर काम आहे." नाना म्हणाला, "ताई, लेकीच्या घरी पोलीस येतील. वरनं ते दाखवू का तिच्या आईला?"

पुढचे दिवस त्या घरात ती पेटी कपाटावर बसून राहिली आणि आम्ही तिच्याखाली. नानाने पिवळी चादर तरीसुद्धा अंगणात अंथरली. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. सकाळी अंथरायचा, चारी टोकांवर दगड ठेवायचा. शेजारचा म्हातारा येऊन विचारून गेला, कपडे वाळवायला दोरी देऊ का? आम्ही त्याला काय सांगणार, कपाळ!

एकदा त्याने खिडक्या पुसायच्या लांब दांड्याला फोन बांधला आणि वर धरला. पलीकडची बाई लगेच बाहेर आली. नम्रपणेच म्हणाली, माझ्या खिडकीचं चित्रण करू नका. तिचंही बरोबरच होतं. नाना 'सॉरी, सॉरी' म्हणत दांडा खाली घेऊन आत आला. त्या चित्रणात काय होतं? आभाळ, दांड्याचं टोक आणि नानाचं टक्कल.

घराच्या मागे एक भिंत होती, पुरुषभर उंचीहून जास्त. नाना खुर्चीवर चढून पलीकडे डोकावायला गेला, तर खुर्ची डुगडुगली आणि भाची ओरडली, "बाबा, उतरा आधी! पडलात तर आईला काय सांगू?" उतरला बिचारा. तिथेच अंगणात चादरीच्या कडेला बसला आणि म्हणाला, "ताई, आयुष्यभर लोकांची छपरं काढली. लेकीच्या छपराला हात पुरेना." मला त्याच्यापुढे उभं राहवलं नाही. मी आत जाऊन उगाच भांडी घासत बसले. घासलेलीच.

परतायच्या आदल्या दिवशी मी शक्कल काढली. माझीच, दुसऱ्या कुणाची नाही. त्या गावातली घरं विकणाऱ्या एका कंपनीची जाहिरात इंटरनेटवर होती, वरनं काढलेली. तसेच रस्ते, तशीच उतरती राखाडी छपरं, तशीच छोटी अंगणं. मी म्हटलं, "हेच दाखवू. चौथं छप्पर लेकीचं म्हणून सांगायचं. तिला काय कळतंय?"

"ताई, तिला टाकी गळलेली कळते," नाना म्हणाला.

"मग काय सांगणार आहेस? जमलं नाही म्हणून? वाट बघून बघून तिचा जीव डोळ्यांत आला असेल."

नानाने पेन ड्राइव्ह पुढे केला. मी सांगितलं ते त्याने ऐकलं नाही असं कधी झालंच नाही, हेच तर माझं दुखणं.

विमानतळावर सील तपासलं, शाबूत होतं. घरी पोचलो तर भावजय उशीला टेकून तयारच होती. मावशी म्हणाल्या, सकाळपासून टीव्हीकडे बघतायत. मी बॅग पलंगाजवळ ठेवली, तिच्यासाठी आणलेला साबण काढायला उघडली. नानाने पेन ड्राइव्ह लावला.

टीव्हीवर छपरं आली. ऊन छान पडलं होतं, रस्ते धुतल्यासारखे स्वच्छ. "हा बघ तिचा रस्ता," नाना म्हणाला. "आणि हे, चौथं... हे आपल्या लेकीचं घर. दिसलं?"

तिचे डोळे उघडे. एका अंगणातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, अशी नजर फिरत होती. मला वाटलं, कौतुकाने बघतेय. मी म्हटलं, "बघ की, कसं टुमदार आहे!" नजर फिरतच राहिली. ती शोधत होती. चित्रण संपलं. नानाने पुन्हा लावलं. "दिसलं ना गं?" उघडे. तिसऱ्यांदा लावलं, उघडेच.

मग तिने टीव्हीवरची नजर काढली आणि माझ्या बॅगेकडे वळवली. बॅग उघडी होती. सगळ्यात वर घडी घातलेली पिवळी चादर.

तिथून ती माझ्याकडे बघायला लागली. छत्तीस वर्षं माझ्याकडे खिडकीतून लोक बघत होते, पण मला कुणापुढे मान खाली घालावी लागली नव्हती. त्या दिवशी घातली. चादर मी विसरले नव्हते हो. मला वाटलं होतं, ती विसरली असेल.

नानाने रिमोट बाजूला ठेवला. पलंगाच्या कडेला बसून तिचा डावा हात धरला. "नाही उडवू दिलं गं," तो म्हणाला. "हे दुसरंच कुणाचं आहे. मला नाही जमलं."

तिने डोळे मिटले.

माहीतच होतं तिला. काचेपलीकडच्या त्या माणसाने चष्मा काढला तेव्हाच कळलं होतं. सहा दिवस, आम्ही काय सांगतो ते ऐकायची वाट बघत पडली होती.

नाना रडत होता. मग त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि विचारलं, "मी तोंडाने सांगू का? जसं आहे तसं?" डोळे मिटले. तो सांगायला लागला. चित्रं दाखवणारा माणूस, बोलायची सवय नाही. "पुढे छोटं अंगण आहे. तुझी चादर अंथरली होती, रोज. डावीकडे म्हातारा राहतो, चांगला आहे. उजवीकडे एक बाई, तीही बरी आहे. दाराला कडी आहे, दोन आहेत, मी लावून बघितल्या." प्रत्येक वाक्याला ती डोळे मिटून उघडत होती. "आणि मागे..."

तो थांबला. तिचे डोळे उघडे, त्याच्या तोंडाकडे.

"मागे भिंत आहे," तो म्हणाला.

डोळे उघडेच. फोन पडला तेव्हाचा तिचा शेवटचा प्रश्न हाच होता.

नाना माझ्याकडे वळला. "ताई, भिंतीपलीकडे काय होतं गं?"

मी भाचीला फोन लावला. ती कामावर होती, पण तिने उचलला. मी विचारलं. ती म्हणाली, "आत्या, मला नाही माहीत. मी कधी बघितलंच नाही."

फोन स्पीकरवर होता.